एकोणचाळीस अंकांचा पुरावा

२१ ऑक्टोबर २०२४ रोजी जाहीर झालं की आजवरची सर्वांत मोठी मूळ संख्या सापडली आहे. २ चा १३,६२,७९,८४१ वा घात काढायचा आणि त्यातून १ वजा करायचा, की ती मिळते. तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत. पानाला दोन हजार अंक या हिशेबाने छापली तरी वीस हजारांवर पानं लागतील. ल्यूक ड्युरांट या अमेरिकी संशोधकाने अनेक देशांतल्या भाड्याच्या ग्राफिक प्रोसेसरांवर हिशेब चालवून ती शोधली. अशा बातमीचा साचा ठरलेला असतो. आधी आकाराचं कौतुक, मग ‘बँका आणि मोबाइलच्या सुरक्षेसाठी अशा संख्या लागतात’ असं एक वाक्य, आणि विषय संपला.

यातलं कौतुक भलत्याच गोष्टीचं असतं आणि उपयोगाचं वाक्य तर खरंच नसतं. चार कोटी अंकी संख्या कुठलीही बँक वापरत नाही. आणि मूळ संख्या मोठी असण्यातही काही विशेष नाही, कारण मोठ्या मूळ संख्या अमाप आहेत. विरळा असतो तो पुरावा. अमुक एक संख्या मूळच आहे, हे माणसाला झेपेल एवढ्या हिशेबात पटवून देणं ही यातली खरी कमाई आहे. हे समजून घ्यायला चार कोटी अंकांची गरज नाही, एकोणचाळीस पुरतात:

१७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७

ही संख्या म्हणजे २ चा १२७ वा घात वजा १. एदुआर ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने १८७६ मध्ये ती मूळ असल्याचं सिद्ध केलं. पुढची ७५ वर्षं जगाला याहून मोठी मूळ संख्या माहीत नव्हती. निव्वळ हाताने हिशेब करून सिद्ध झालेल्या मूळ संख्यांत ती आजही सर्वांत मोठी आहे.

आता तिच्या आजूबाजूला काय आहे ते पाहू. मूळ संख्यांचं वितरण सांगणारा सिद्धांत असं म्हणतो की या आकाराच्या संख्यांमध्ये सरासरी ८८ मागे एक मूळ असते. म्हणजे वरच्या संख्येचे शेवटचे तीन अंक तेवढे बदलत गेलं, तर त्या हजार संख्यांमध्ये अकराच्या आसपास मूळ संख्या असाव्यात. या संख्येहून लहान असलेल्या मूळ संख्या मोजायच्या तर १ वर ३६ शून्यं देऊनही भागणार नाही. चार कोटी अंकांच्या टापूतही साधारण साडेनऊ कोटी संख्यांमागे एक मूळ निघते. तिथे विरळपणा वाढतो, पण साठा संपत नाही. तो कधीच संपणार नाही हे युक्लिडने दोन हजार वर्षांपूर्वी दाखवून ठेवलं आहे. तेव्हा ‘सर्वांत मोठी मूळ संख्या’ हे बिरुद त्या संख्येचं नाही, ते आपल्या माहितीचं आहे. ती माहिती कशी मिळते, हाच विचारण्याजोगा प्रश्न.

१६४४ मध्ये मारँ मर्सेन या पॅरिसच्या धर्मगुरूने एक यादी छापली. २ चा घात वजा १ या रूपाची संख्या कोणकोणत्या घातांकांना मूळ येते, त्याची. २५७ पर्यंतच्या घातांकांसाठी त्याने दिलेली उत्तरं अशी: २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७. यातले ६७ आणि २५७ चुकीचे निघाले. ६१, ८९ आणि १०७ त्याच्या हातून सुटले होते. १२७ मात्र बरोबर होता. मग २ चा १२७ वा घात वजा १ ही संख्या मूळ आहे, हे मर्सेनला १६४४ मध्ये माहीत होतं असं म्हणायचं का? माझं उत्तर स्पष्टपणे नाही असं आहे. १२७ बद्दल तो जितका ठाम होता, तितकाच ६७ बद्दलही होता. त्याचं म्हणणं खरं ठरलं, पण ते का खरं आहे हे सांगायला त्याच्याकडे काही नव्हतं. एरवीच्या व्यवहारात ज्याचा अंदाज बरोबर येतो त्याला आपण जाणकार म्हणतो. गणित म्हणत नाही, आणि त्याचा हा कडवेपणा योग्य आहे, कारण यादीतल्या खऱ्याखोट्यांची निवड यादीकडे बघून करता येत नव्हती.

शाळेत शिकवलेली रीत इथे कामाची नाही. संख्या मूळ आहे की नाही हे बघायला तिच्या वर्गमुळापर्यंतच्या मूळ संख्यांनी भाग देऊन पाहायचा. एकोणचाळीस अंकी संख्येचं वर्गमूळ वीस अंकी येतं. गणितज्ञ ऑयलरच्या काळापर्यंत यात थोडी सवलत मिळाली होती. या संख्येला मूळ अवयव असलाच, तर तो २५४ च्या पटीत १ मिळवून येणाराच असेल, शिवाय त्याला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ च उरेल. बाकीचे सगळे उमेदवार न तपासताच बाद. याच प्रकारच्या चाळणीने ऑयलरने २ चा ३१ वा घात वजा १, म्हणजे २१४७४८३६४७, ही संख्या मूळ असल्याचं १७७२ मध्ये दाखवलं. पण १२७ व्या घातापाशी एवढी चाळणी लावूनही सुमारे २६० कोटी कोटी उमेदवार शिल्लक राहतात. सेकंदाला एक भागाकार केला तरी ऐंशी कोटी वर्षं लागतील.

ल्युकाने अवयव शोधणंच सोडून दिलं. त्याने जी वाट काढली तिला अमेरिकी गणितज्ञ डी. एच. लेमर याने १९३० मध्ये आजचं सुटसुटीत रूप दिलं. कृती एवढीच: ४ पासून सुरुवात करायची. दर वेळी हातातल्या संख्येचा वर्ग करून २ वजा करायचे आणि तपासायच्या संख्येने भागून बाकी तेवढी ठेवायची. घातांकाहून दोनने कमी इतक्या वेळा हे केल्यावर बाकी शून्य आली तर संख्या मूळ, नाहीतर संयुक्त. मधली पायरी नाही, ‘बहुधा’ नाही.

लहान संख्येवर करून बघू. २ चा ५ वा घात वजा १ म्हणजे ३१. इथे तीन फेऱ्या. ४ चा वर्ग १६, वजा २, १४. मग १४ चा वर्ग १९६, वजा २, १९४. ३१ ने भागून बाकी ८. मग ८ चा वर्ग ६४, वजा २, ६२. ३१ ने भागून बाकी शून्य. ३१ मूळ आहे, आणि हे ठरवताना आपण ३१ ला २, ३ किंवा ५ ने भागून पाहिलेलं नाही.

आता २ चा ११ वा घात वजा १, म्हणजे २०४७. इथे नऊ फेऱ्या. ४ नंतर येतात १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२ आणि शेवटी १७३६. शून्य नाही, म्हणून २०४७ संयुक्त. प्रत्यक्षात २०४७ म्हणजे २३ गुणिले ८९. पण वरच्या हिशेबात कुठेही २३ नाही की ८९ नाही. ‘हिला अवयव आहेत’ एवढं नक्की कळतं आणि ‘कोणते’ हे अजिबात कळत नाही.

एकोणचाळीस अंकी संख्येला अशा १२५ फेऱ्या. प्रत्येक फेरीत मोठा गुणाकार आणि मोठा भागाकार असतो, पण ऐंशी कोटी वर्षांचं काम एका चिकाटीच्या माणसाच्या आवाक्यात आलं. यातला भागाकारही नावापुरताच आहे. ३२ ला ३१ ने भागलं की बाकी १ उरते, म्हणून १९४ मध्ये ३२ सहा वेळा आणि वर २ आहेत एवढं दिसलं की ६ आणि २ ची बेरीज करायची. बाकी ८ हजर. २ च्या घाताहून एकने लहान असलेल्या कुठल्याही संख्येला हेच लागू पडतं. ल्युकाला गणिती खेळांचा नाद होता, ‘टॉवर ऑफ हनोई’ हे कोडं त्याचंच. हा हिशेब बुद्धिबळासारख्या चौकटींच्या पटावर सोंगट्या मांडून करायची युक्तीही त्याने सुचवली होती. १२७ रकान्यांच्या पटावर डावीकडच्या कडेबाहेर जाणारी सोंगटी उजवीकडच्या पहिल्या रकान्यात परत येते. भागाकार तेवढ्यात उरकतो.

ही कसोटी चालते याचं श्रेय त्या संख्येच्या शेजाऱ्याला आहे. आपल्या संख्येत १ मिळवला की २ चा १२७ वा घात मिळतो, आणि त्याचे अवयव शोधावे लागत नाहीत. नुसते दोनच दोन. संख्येच्या लगतच्या, एकने लहान किंवा एकने मोठ्या, संख्येचे अवयव पुरेसे माहीत असले तर तिचं मूळपण सिद्ध करणं सोपं जातं. १९५१ मध्ये केंब्रिजच्या एडसॅक संगणकावर मिलर आणि व्हीलर यांनी ७९ अंकी मूळ संख्या शोधली. ती त्यांनी रचली कशी? ल्युकाच्या संख्येचा वर्ग केला, त्याला १८० ने गुणलं आणि १ मिळवला. त्यामुळे नव्या संख्येच्या अलीकडच्या संख्येचे अवयव आयते माहीत झाले, आणि त्यात सर्वांत मोठा अवयव ल्युकाची संख्या. १८७६ चा पुरावा १९५१ च्या पुराव्याला असा उपयोगी पडला.

विक्रमी मूळ संख्यांची यादी मर्सेनच्या रूपाच्या संख्यांनी का भरलेली असते, याचंही उत्तर इथेच आहे. त्या सर्वांत मोठ्या आहेत म्हणून सापडत नाहीत. त्यांच्यापर्यंत जाण्याची सोय आहे म्हणून सापडतात. एसटी जाते तेवढीच गावं मोजून तालुक्याची शिरगणती मांडावी, तसा हा प्रकार आहे. त्या आकाराच्या बाकीच्या असंख्य मूळ संख्या आहेत तिथेच आहेत, फक्त त्यांच्या शेजाऱ्यांचे अवयव आपल्याला ठाऊक नाहीत.

मर्सेनच्या यादीतल्या ६७ ची गोष्ट याची दुसरी बाजू दाखवते. २ चा ६७ वा घात वजा १ ही संख्या संयुक्त आहे हे ल्युकाने १८७६ मध्येच दाखवलं होतं, अवयव न सांगता. ते अवयव अमेरिकी गणितज्ञ फ्रँक नेल्सन कोल याने १९०३ मध्ये मांडले: १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७. मधली २७ वर्षं ही संख्या फुटते हे पक्कं माहीत होतं, ती कुठे फुटते हे कुणालाच नाही. मूळ की संयुक्त हे ठरवणं आणि अवयव पाडणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं सोपं होत गेलं, दुसरं मोठ्या संख्यांच्या बाबतीत अवघडच राहिलं.

या दोन कामांतल्या अंतरावर १९७७ ची आरएसए कूटपद्धती उभी आहे. सुमारे ३०८ अंकांच्या दोन मूळ संख्या यदृच्छेने निवडायच्या आणि त्यांचा गुणाकार जाहीर करायचा. त्या दोन संख्या गुप्त राहणं हाच सगळा मुद्दा. ज्या संख्येचं नाव वर्तमानपत्रात आलं ती या कामाला बाद, कारण हल्लेखोर सर्वांत आधी तीच लावून बघेल. इथे कामाला येतात त्या अनाम, गर्दीतल्या मूळ संख्या, आणि त्यांचा पक्का पुरावा सहसा कुणी मागतही नाही. मिलर-रॅबिन चाचणी काही वेळा लावतात. चुकण्याची शक्यता नगण्य ठरली की संख्या मूळ धरून पुढे जातात. कुठल्याही संख्येला लागू पडणारी, नशिबावर किंवा असिद्ध गृहीतकावर न विसंबणारी आणि तत्त्वतः वेगवान अशी पहिली कसोटी २००२ मध्ये आयआयटी कानपूरमधून आली. मणींद्र अग्रवाल आणि त्यांचे दोन तरुण विद्यार्थी नीरज कयाल व नितीन सक्सेना यांची ती. विक्रमी संख्या शोधायला ती कुणी वापरत नाही, कारण प्रत्यक्षात इतर कसोट्या जास्त वेगाने चालतात. तरीही तिची थोरवी कमी होत नाही. मूळपण ठरवायला शेजाऱ्याच्या मेहेरबानीची गरज नाही, हे तिने कायमचं सिद्ध केलं.

तर मग विक्रमांचा उपयोग शून्य? १८११ मध्ये इंग्रज गणितज्ञ पीटर बार्लो याने जवळपास तसंच म्हटलं होतं. ऑयलरच्या २१४७४८३६४७ पासून बनणाऱ्या परिपूर्ण संख्येबद्दल (स्वतःहून लहान सगळ्या भाजकांची बेरीज जिच्याइतकीच येते ती परिपूर्ण) त्याचं मत असं की याहून मोठी बहुधा कधी सापडणार नाही, कारण या संख्या नुसत्या कुतूहलाच्या आहेत, कामाच्या नाहीत, तेव्हा पुढची शोधायच्या फंदात कोण पडेल? त्याचं भाकीत दोन्ही बाजूंनी फसलं. ३० जानेवारी १९५२ रोजी राफेल रॉबिन्सन याने लॉस एंजेलिसच्या स्वॅक संगणकावर २ चा ५२१ वा घात वजा १ ही संख्या मूळ असल्याचं दाखवलं. आज तीच संख्या पी-५२१ या अधिकृत कूटलेखन मानकाचा पाया आहे. इथे ती गुप्त ठेवायची नसते, सगळा हिशेब तिच्या बाक्यांमध्ये चालतो. ब्रायंट टकरमन याने १९७१ मध्ये शोधलेला घातांक १९९३७ हा ‘मर्सेन ट्विस्टर’ या यदृच्छ अंक बनवणाऱ्या पद्धतीत आला, आणि ती पद्धत पायथन भाषेत नेहमीच्या वापरात आहे. व्हॉट्सॲपच्या संदेशांचं कूटलेखन ज्या मूळ संख्येवर चालतं ती २ चा २५५ वा घात वजा १९. मर्सेनच्या रूपाची नाही, पण त्याच घराण्यातली.

या संख्या निवडल्या जाण्याचं एक मोठं कारण तेच आहे, जे ल्युकाच्या पटावर होतं. २ च्या घाताला लागून असल्यामुळे भागाकाराच्या जागी थोडीफार बेरीज पुरते, आणि यंत्राचा वेळ वाचतो. ज्या गुणामुळे पुरावा स्वस्त झाला त्याच गुणामुळे उपयोगही झाला. म्हणून ‘उपयोग निघतोच बघा शेवटी’ अशी भोंगळ समजूत मला मान्य नाही. उपयोग निघाला तो रचनेचा, आकाराचा नव्हे. चार कोटी अंकी संख्येचा उद्या काही उपयोग होईल असं मानायला आज काहीही आधार नाही, आणि तिच्या शोधावरचा विजेचा खर्च त्या आशेवर समर्थनीय ठरवू नये.

त्या शोधाचं खरं समर्थन निराळं आहे. एवढा लांबलचक हिशेब यंत्राने न चुकता केला, हे आपण कशावरून मानायचं? १९९४ मध्ये थॉमस नाइसली हा गणिताचा प्राध्यापक जुळ्या, म्हणजे दोनच्या फरकाने येणाऱ्या, मूळ संख्यांच्या व्यस्तांची बेरीज करत होता. उत्तरं जुळेनात, तेव्हा दोष थेट इंटेलच्या पेंटियम चिपच्या भागाकारात निघाला, आणि कंपनीला ४७.५ कोटी डॉलरचा फटका बसला. २०१६ मध्ये मर्सेन संख्या शोधणाऱ्या प्रोग्रॅममुळेच इंटेलच्या नंतरच्या एका पिढीतल्या चिपचा दोष उघडकीला आला. म्हणून विक्रमी संख्या वेगळ्या यंत्रांवर, वेगळ्या प्रोग्रॅमांनी पुन्हा तपासल्याशिवाय जाहीर करत नाहीत, आणि हिशेब चालू असतानाच चूक पकडणाऱ्या पद्धती गेल्या काही वर्षांत तयार झाल्या आहेत. न दिसणाऱ्या हिशेबावर किती आणि का भरवसा ठेवावा, हे शिकायला या संख्यांइतकी कठोर तालीम दुसरी नाही. एक बिट चुकला की शेवटचं शून्य येत नाही.

या सगळ्याला एक हद्द आहे, आणि ती ल्युकाच्या संख्येपाशीच दिसते. २ चा २ रा घात वजा १ म्हणजे ३. २ चा ३ रा घात वजा १ म्हणजे ७. ७ वा घात वजा १ म्हणजे १२७. १२७ वा घात वजा १ म्हणजे ल्युकाची संख्या. २, ३, ७, १२७ आणि ही, पाचही मूळ. ल्युकाचा निकाल आल्यावर बेल्जियममध्ये काम करणाऱ्या यूजेन कातालां याने या साखळीकडे लक्ष वेधलं. मग सहावी? २ चा जितकावा घात घ्यायचा तो घातांकच इथे एकोणचाळीस अंकी. उत्तरात किती अंक येतील ही संख्याच अडतीस अंकी आहे. ती लिहून काढायला पृथ्वीवर जागा नाही आणि ल्युकाच्या फेऱ्या मारायला वेळ नाही. ती संयुक्त असली तर एखादा लहान अवयव सापडून प्रश्न उद्या सुटू शकेल. तसे प्रयत्न होऊन गेले आहेत आणि अवयव सापडलेला नाही. मूळ असली तर ते सिद्ध करण्याची कुठलीही वाट आज आपल्याकडे नाही.

पाचपैकी पाच जुळले, तर सहावंही जुळेल असं म्हणण्याचा मोह होतो. गणितज्ञ फर्माला तो झाला होता. ३, ५, १७, २५७, ६५५३७ अशा त्याच्या पाच संख्या मूळ निघाल्या आणि पुढच्याही निघतील असं त्याने मानलं. सहावी, ४२९४९६७२९७, ही ६४१ ने भागली जाते हे ऑयलरने १७३२ मध्ये दाखवलं. कातालांची सहावी संख्या एक तर मूळ आहे किंवा नाही, आणि ते आत्ता या क्षणी ठरलेलंच आहे. आपल्या मताने त्यात काडीचा फरक पडणार नाही. तरी पुरावा मिळेपर्यंत तिच्याबद्दल ‘माहीत नाही’ एवढंच बोलण्याचा आपल्याला अधिकार आहे. ‘मूळ असावी’ म्हणणारा उद्या खरा ठरला, तरी त्याचं स्थान मर्सेनच्या शेजारी राहील, ल्युकाच्या नाही.